विदर्भाची बाजारपेठ पूर्वेला आहे: उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,


५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. तेव्हापासून विदर्भातल्या उद्योगविषयक सभांमध्ये एक समाधान पसरले आहे. मुंबई आता आठ तासांवर आली, अंतराची तक्रार संपली, कारखाने आता आपोआप येतील, असे व्यासपीठावरून सांगितले जाते आणि खाली बसलेले लोक मान डोलावतात. त्यात उद्योजक असतात, चेंबरचे पदाधिकारी असतात, आपल्या खात्याचे अधिकारीही असतात. रस्ता झाला याचा मला आनंद आहे. पण रस्ता झाला म्हणून कारखाने येतील हा हिशेब चुकीचा आहे. त्या हिशेबावर विसंबून धोरण आखले गेले, तर पुढच्या दहा-पंधरा वर्षांत विदर्भाकडे आज आहे तेवढाही उद्योग राहणार नाही, अशी मला काळजी वाटते. म्हणून हे पत्र, आणि ते खुले आहे, कारण हा प्रश्न एका खात्याच्या फायलीत मावणारा नाही.

दोन प्रदेश जवळ आले की दोघांचाही उद्योग वाढतो, असे आपण गृहीत धरतो. अर्थशास्त्राचा अनुभव इतका सरळ नाही. पॉल क्रुगमन यांनी १९९१ साली यावर एक निबंध लिहिला आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, त्यात या विचाराचा मोठा वाटा होता. त्यांचे म्हणणे साध्या मराठीत असे सांगता येईल. वाहतूक फार महाग असते तेव्हा प्रत्येक भागाला आपापला साबण, आपापले कापड, आपापली पंपाची मोटार जवळच बनवावी लागते, म्हणून उद्योग विखुरलेला राहतो. वाहतूक स्वस्त होऊ लागली की मोठ्या केंद्रातल्या कारखान्याला दूरचा बाजार परवडू लागतो. तिथे माल जास्त बनतो म्हणून स्वस्त पडतो, आणि दूरच्या छोट्या कारखान्याला अंतराने दिलेले संरक्षण निघून जाते. उद्योग केंद्राकडे ओढला जातो, कामगारही त्याच्यामागे जातात, कामगार गेले की त्यांची खरेदीही तिकडेच जाते आणि केंद्र आणखी मोठे होते. वाहतूक याहूनही खूप स्वस्त झाली, केंद्रातली जमीन, भाडे आणि मजुरी डोईजड झाली, की मग उद्योग पुन्हा बाहेर पडू लागतो. पण तो बाहेर पडतो तेव्हा आधी शेजारी जातो. मुंबईतून तो ठाणे-बेलापूर पट्ट्यात गेला, मग पुण्याला गेला, २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर तळेगाव-चाकणला गेला. आठशे किलोमीटर पुढे तो स्वतःहून उडी मारत नाही.

समृद्धीमुळे विदर्भ आज या मधल्या टप्प्यावर आला आहे, आणि तिन्हींत धोक्याचा टप्पा हाच आहे. भिवंडीच्या गोदामातून रात्री निघालेली गाडी सकाळी वर्ध्याच्या दुकानदाराकडे पोहोचते. वर्ध्याजवळ तोच माल बनवणाऱ्या छोट्या कारखानदाराने हे पाहून काय करावे, याचे उत्तर आपल्या धोरणात मला सापडत नाही.

विदर्भाने हा अनुभव एकदा घेतलेला आहे. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी खास फाटा टाकला गेला. वऱ्हाडचा कापूस त्या रुळांवरून मुंबई बंदरात आणि तिथून मँचेस्टरला गेला, आणि परतीच्या डब्यांतून गिरणीचे कापड आले. घरोघरी सूत कातणाऱ्या बायकांचे काम गेले, कोष्ट्यांचे माग बंद पडू लागले. मात्र त्याच रेल्वेच्या बळावर जमशेटजी टाटांनी १८७७ च्या १ जानेवारीला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणी काढायची तर मुंबईतच, असा त्या काळचा रिवाज होता. जमशेटजींनी पाहिले की नागपूरला कापूस दारात आहे, कोळसा जवळ आहे आणि कापड विकत घेणारा मध्य प्रांतही जवळच आहे. गिऱ्हाईक मुंबईत आहे असे त्यांनी मानले नाही, आणि माझ्या मते त्या निर्णयातला सर्वांत मोलाचा भाग हाच होता. पुढे हीच बाब आपण विसरलो. एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली. कापूस मात्र आजही यवतमाळ, अमरावती, वर्धा, अकोल्यातच पिकतो.

कापूस इथे असूनही पुरेशा सूतगिरण्या इथे का नाहीत? जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेली १७० किलोची गाठ ट्रकवर चढते आणि त्यांतल्या कितीतरी गाठी तमिळनाडूच्या वाटेला लागतात. कोइमतूरच्या आसपास कापूस फारसा पिकत नाही, तरी सूत तिथे निघते आणि त्या सुताचे टी-शर्ट तिरुपूरला शिवले जातात. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच याचे कारण सांगून ठेवले आहे. एकाच धंद्याचे अनेक लोक एका जागी आले की तिथे कसबी कामगार सहज मिळतो, सुटे भाग आणि दुरुस्ती जवळ मिळते आणि धंद्यातली माहिती चहाच्या टपरीवरही कळते. कच्चा माल गाडीत घालून नेता येतो. या तीन गोष्टी नेता येत नाहीत.

हे कसे चालते ते पाहायचे असेल तर भोसरीतल्या कुठल्याही गल्लीत सकाळी अकराच्या सुमारास उभे राहावे. एका गाळ्यात लेथवरून शाफ्ट उतरतो, शेजारच्या गाळ्यात त्याला की-वे कापला जातो, पुढच्या गल्लीत हीट ट्रीटमेंट होते, तिथून माल ग्राइंडिंगला जातो. ‘छोटा हत्ती’ टेम्पो चलन घेऊन दिवसभर या गाळ्यातून त्या गाळ्यात फिरत असतो. संध्याकाळी तयार पार्ट चाकणच्या गेटवर असतो. शाफ्ट बनवणाऱ्या माणसाकडे स्वतःचे ग्राइंडिंग मशीन नसले तरी त्याचे अडत नाही, कारण ते शेजाऱ्याकडे आहे. ऑपरेटर अचानक सोडून गेला तर गेटवर पाटी लावायची, दुसऱ्या दिवशी माणसे येतात. मशीनचा सर्व्हो ड्राइव्ह गेला तर दुपारपर्यंत मेकॅनिक हजर होतो.

आता तोच माणूस अकोल्याच्या किंवा खामगावच्या औद्योगिक वसाहतीत आहे असे समजा. जमीन त्याला स्वस्त मिळाली आहे, अनुदानही कागदावर मंजूर आहे. पण काही विशेष प्रक्रिया करून घ्यायची तर माल पुण्याला पाठवावा लागतो. पार्ट लोडने गेलेला माल परत येईपर्यंत आठवडा जातो. त्या आठवड्याचा माल आगाऊ बनवून ठेवावा लागतो, त्यात भांडवल अडकते, त्यावर बँकेचे व्याज चढते. ड्राइव्ह बिघडला की इंजिनिअर पुण्याहून येणार, त्याची व्हिजिट फी आणि राहण्याचा खर्च वेगळा, आणि तो येईपर्यंत मशीन बंद. शिकवून तयार केलेला मुलगा वर्षभरात पुण्याला निघून जातो. संध्याकाळी नागपूर, अमरावती, यवतमाळहून पुण्याला सुटणाऱ्या ट्रॅव्हल्समध्ये हीच मुले असतात, कोणी आयटीआय झालेला, कोणी डिप्लोमावाला. त्यांचे चुकत नाही. चाकणला एक नोकरी गेली तर दुसरी मिळते, आणि ही खात्री त्यांना गावात कोणी देऊ शकत नाही. महामार्गाने या कारखानदाराचे भाडे थोडे कमी होईल, पण त्याच्या खर्चाचा मोठा भाग भाडे नाहीच.

म्हणून चाकण-भोसरीची गर्दी मोडून उद्योग वाटून द्या, असे मी म्हणत नाही. एकत्र येण्यात खरी ताकद आहे आणि राज्याचे उत्पन्न त्या ताकदीवर चालते. माझा आक्षेप उलट आहे. विदर्भात आपण उद्योग कधी एकत्र येऊच दिला नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले, सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. पुढे अ, ब, क, ड, ड अधिक असे तालुक्यांचे वर्ग पाडायचे आणि जितका तालुका मागास तितके अनुदान जास्त, हीच पद्धत राहिली. हेतू चांगला होता. पण त्यामुळे एक कारखाना या तालुक्यात, दुसरा ऐंशी किलोमीटरवर, तिसरा आणखी पलीकडे असे झाले. प्रत्येक आमदाराला आपल्या मतदारसंघात वसाहत हवी असते, ती मिळतेही, आणि मग कुंपण, कमान आणि गवत वाढलेले भूखंड एवढेच तिथे उरते. एकटा कारखाना अनुदान आहे तोवर चालतो. शेजार नसल्यामुळे तो रुजत नाही.

शेजार तयार करता येतो याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. १९८५ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. त्याच्याभोवती सुटे भाग बनवणारे आले, त्यांतले अनेक जण तिथल्याच मातीतले होते. एकाच्या हाताखाली शिकलेल्याने पुढे स्वतःचा गाळा घेतला. आज छत्रपती संभाजीनगरला मागास मराठवाड्यातले शहर म्हणून कोणी सवलत मागत नाही. शेंद्रा-बिडकीनला ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी राहिली आणि टोयोटा किर्लोस्करने २०२४ मध्ये तिथे येण्याचा करार राज्याशी केला, तेव्हा जमिनीइतकेच या चाळीस वर्षांच्या शेजाराचेही त्यामागे बळ होते. नागपुरात मिहान प्रकल्प आहे, तिथे एअर इंडियाच्या विमानांची देखभाल होते, संगणक कंपन्या आहेत. जवळच्या बुटीबोरी वसाहतीत जमिनीची उणीव कधी नव्हती. पण मोठ्या कारखान्याने कामाचा ठरावीक वाटा आसपासच्या छोट्या गाळेवाल्यांना द्यावा, त्यांना नमुने, मोजमापे, गुणवत्तेची शिस्त शिकवावी, अशी अट आपण भूखंड देताना कधी गंभीरपणे घातली का? मोठे नाव आणले, कोनशिला बसवली, फोटो आला. पुढे काय झाले ते पाहायला खाते परत गेले नाही.

इटलीने हे आपल्या आधी भोगले आहे. १८६१ मध्ये देश एक झाला, उत्तरेतल्या पीडमॉन्टचे कमी जकातीचे दर एका फटक्यात दक्षिणेलाही लागू झाले आणि नेपल्सच्या आसपासचे आडोशाला वाढलेले उद्योग कोसळू लागले. १९५० मध्ये तिथल्या सरकारने दक्षिणेसाठी खास निधी उभारला. १९६४ मध्ये मिलान ते नेपल्स हा भव्य महामार्ग पूर्ण केला, तारांतोला अवाढव्य पोलाद कारखाना काढला. पैसा कमी पडला असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही दक्षिण इटलीचे दरडोई उत्पन्न आजही उत्तरेच्या निम्म्याहून थोडेच वर आहे. मोठे कारखाने उभे राहिले, पण आजूबाजूच्या गावांशी त्यांचा संबंध जुळला नाही, आणि महामार्गावरून उत्तरेचा तयार माल दक्षिणेच्या दुकानात उतरत राहिला.

आता मी या पत्राच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. दक्षिण इटलीच्या पुढे समुद्र होता, दुसरे गिऱ्हाईक नव्हते. विदर्भाचे तसे नाही. नागपूरहून रायपूर तीनशे किलोमीटरच्या आत आहे, जबलपूर तेवढ्यातच आहे, हैदराबाद पाचशेच्या आसपास आहे. मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर आहे. तरी विदर्भाच्या उद्योगाची प्रत्येक चर्चा मुंबई किती जवळ आली याच मापाने होते.

गेल्या पस्तीस वर्षांत महाराष्ट्राच्या दोन वेगळ्या प्रकारच्या जोडण्या झाल्या आणि त्या दोन्हींची ओढ दोन दिशांना आहे. पहिली जोडणी जगाशी झाली. १९८९ मध्ये न्हावा-शेवाचे बंदर सुरू झाले, १९९१ मध्ये अर्थव्यवस्था खुली झाली. जगात माल विकायचा आणि जगातून सुटे भाग आणायचे, तर कारखाना बंदराजवळ हवा. चाकणचे भाग्य त्यातून उजळले. आता वाढवणला आणखी मोठे बंदर होत आहे, त्याने ही ओढ अधिक घट्ट होईल. मेक्सिकोत असेच झाले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत तो देश बंदिस्त होता आणि कारखाने राजधानीभोवती दाटले होते. व्यापार खुला झाला, १९९४ मध्ये अमेरिका आणि कॅनडाशी केलेला करार लागू झाला, आणि उद्योग राजधानी सोडून उत्तर सीमेवरच्या तिहुआना, सिउदाद हुआरेझ, मोंतेरेकडे सरकला. गिऱ्हाईक बदलले की उद्योगाचे ठिकाणही बदलते.

दुसरी जोडणी देशांतर्गत आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी केंद्रीय विक्रीकर चुकवण्यासाठी कंपन्या प्रत्येक राज्यात वेगळा डेपो ठेवत: महाराष्ट्राचा भिवंडीला, मध्य प्रदेशचा इंदूरला, छत्तीसगडचा रायपूरला. राज्याच्या सीमेवर नाके होते, गाड्यांच्या रांगा होत्या. नागपूर नकाशावर देशाच्या मध्यभागी असूनही व्यवहारात एका राज्याच्या टोकाला होते, पाठीमागे दोन-तीन राज्यांच्या भिंती घेऊन. जीएसटीने त्या भिंती पाडल्या. देशांतर्गत बाजार एक झाला की मध्यभागी असण्याला प्रथमच किंमत येते. जगाशी झालेल्या जोडणीत विदर्भ टोकाला आहे, पण देशाच्या जोडणीत तो मध्यावर आहे. शेतीची अवजारे, पाइप, सिमेंटची उत्पादने, पशुखाद्य, डाळ-तेलाची प्रक्रिया, विजेची उपकरणे, ट्रकच्या बॉडी, तयार कपडे असा जो माल मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, पश्चिम ओडिशात विकला जातो, त्यासाठी चाकणपेक्षा बुटीबोरी, अमरावतीजवळचे नांदगाव पेठ आणि गोंदिया सोयीचे आहेत. जमशेटजींनी पाहिलेले गिऱ्हाईक आजही तिथेच आहे.

आणि नेमक्या याच ठिकाणी आपल्या खात्याचे धोरण विदर्भाच्या विरोधात जाते. २०१९ च्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत कारखान्याला मिळणारा जीएसटीचा परतावा महाराष्ट्रातच केलेल्या विक्रीवरच्या राज्याच्या करावर बेतला. यामागचे कारण समजण्यासारखे आहे. दुसऱ्या राज्यात विकलेल्या मालाचा कर त्या राज्याला जातो, मग आपण परतावा कशातून द्यायचा? पण याचा परिणाम पाहा. पुण्याचा कारखानदार मुंबई, नाशिक, कोल्हापुरात विकतो आणि जवळजवळ सगळी विक्री राज्यातली ठरते. गोंदियाच्या कारखानदाराचे सर्वांत जवळचे गिऱ्हाईक राजनांदगाव आणि बालाघाटला आहे, ती विक्री राज्याबाहेरची ठरते. परतावा मिळवायचा तर त्याने माल उलट्या दिशेने शेकडो किलोमीटर नेऊन, ज्या बाजारात पुणे-भिवंडीचे बडे विक्रेते बसले आहेत तिथे विकावा. सीमेवरच्या जिल्ह्यांना त्यांच्या नैसर्गिक बाजारपेठेपासून तोडणारी सवलत आपण मागासांसाठीची सवलत म्हणून देत आहोत. उद्योग खात्यातल्या कोणाच्या लक्षात हे आले नसेल असे मला वाटत नाही, पण ते दुरुस्त करण्याची निकड कोणाला वाटली नाही.

दुसरी गोष्ट विजेची. राज्यातला सगळा दगडी कोळसा विदर्भातून निघतो. चंद्रपूरचे वीजकेंद्र २,९२० मेगावॉटचे आहे, तिरोड्याचे ३,३०० मेगावॉटचे, शिवाय कोराडी आणि खापरखेडा. राख इथे उडते, पाणी इथले लागते, खाणींनी जमीन इथली गेली, आणि महावितरणचा दर चंद्रपूरला जो आहे तोच चाकणला आहे. देशाने हा प्रयोग आधी एकदा केला आहे. पन्नासच्या दशकात सुरू झालेल्या मालभाडे समानीकरणाने पोलाद सगळ्या देशात एका भावाने मिळू लागले. बिहार, बंगाल, ओडिशाला खनिजाजवळ असण्याचा जो नैसर्गिक फायदा होता तो संपला आणि पोलाद वापरणारे कारखाने महाराष्ट्र, गुजरात, तमिळनाडूकडे वाढले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते धोरण गुंडाळले, तोवर चार दशके गेली होती. त्या धोरणाचा लाभ मुंबई-पुण्याने घेतला हे आपण उघडपणे मान्य केले पाहिजे, आणि तेच धोरण विजेच्या रूपाने राज्याच्या आत चालू ठेवू नये. २०१६ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या उद्योगांना वीजदरात सवलत सुरू झाली, हे मला माहीत आहे. पण ती अर्थसंकल्पातून मिळणारी मदत आहे. कारखाना काढणारा माणूस पंधरा-वीस वर्षांचा हिशेब मांडतो, आणि दरवर्षीच्या तरतुदीवर लटकणारी सवलत तो त्या हिशेबात धरत नाही. वीजकेंद्राजवळच्या उद्योगाला कमी दर हा वीज नियामक आयोगाच्या दररचनेतच बसवावा लागेल. त्यासाठी शासनाने आयोगापुढे ठाम भूमिका घेऊन उभे राहावे.

समित्यांची गोष्ट मी लांबवत नाही. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष मोजून दिला, विजय केळकर समितीने २०१३ मध्ये पुन्हा सविस्तर अहवाल दिला. १९९४ मध्ये आलेली वैधानिक विकास मंडळे ३० एप्रिल २०२० ला मुदत संपून थांबली. या सगळ्यात सिंचन, रस्ते, शाळा, दवाखाने यांचा अनुशेष मोजला गेला आणि तो मोजायलाच हवा होता. पण कसबी हात, दुरुस्तीची सोय, सुट्या भागांचा शेजार यांचा अनुशेष कोणीच मोजत नाही, कारण तो कंत्राटात बसत नाही.

यावर कोणी म्हणेल, बाजार ठरवेल तिथे उद्योग जाईल, सरकारने मध्ये पडू नये. युरोपचा अनुभव यावर पुरेसा आहे. एकसंध बाजारपेठ उभारताना तिथल्या देशांनी १९८८ मध्येच ठरवले की सीमा उघडल्याने मागे पडू शकणाऱ्या प्रदेशांसाठीचा निधी दुप्पट करायचा. जोडणी आणि भरपाई हे दोन निर्णय त्यांनी एकत्र घेतले. आपण सुमारे ५५ हजार कोटी रुपये खर्चून जोडणी केली. तिच्यासोबत यायला हवा होता तो दुसरा निर्णय अजून बाकी आहे.

तो निर्णय कसा असावा याबद्दल माझे मत आग्रहाचे आहे. विदर्भात प्रत्येक तालुक्याला वसाहत देणे थांबवून तीन ठिकाणे निवडावीत आणि तिथे पैसा, लक्ष आणि चांगले अधिकारी एकवटावेत. नागपूर-बुटीबोरीत यंत्रे आणि सुटे भाग, अमरावतीला कापड, आणि चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात पोलादावर आधारित उद्योग. सप्टेंबर २०२४ मध्ये अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्यानाची पायाभरणी झाली आहे. तिथे दोन मोठी नावे आणून थांबू नये. रंगकाम, प्रक्रिया, बटणे-चेन, मशीन दुरुस्ती, नमुना तपासणी असे लहान लहान गाळे आधी भरावेत, भाडे पहिली काही वर्षे नाममात्र ठेवावे. गडचिरोलीच्या सुरजागडचे लोहखनिज आता कोनसरीला प्रक्रियेसाठी जात आहे. त्यातून निघणारे पोलाद त्या पट्ट्यातच वापरणारे कारखाने आणले नाहीत, तर ते पुन्हा कापसाच्या गाठींसारखे गाडीत बसून निघून जाईल. आयटीआयमधले निदेशक भरा, त्यांना चालू कारखान्यात पाठवून आजची मशीन शिकवा, आणि या तीन ठिकाणी हीट ट्रीटमेंट, टूल रूम, मोजमाप प्रयोगशाळा अशा सामाईक सुविधा शासनाने स्वतः उभारून चालवायला उद्योजकांच्या संघटनांकडे द्याव्यात. समृद्धीचा भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडचा विस्तार हा माझ्या दृष्टीने मुंबईकडच्या टप्प्यापेक्षा महत्त्वाचा आहे. तो रायपूरशी नीट जोडा. तिथून विशाखापट्टणमकडे नवा महामार्ग होत आहे, आणि गोंदियाला मुंबईपेक्षा विशाखापट्टणमचे बंदर जवळ आहे. विदर्भाच्या निर्यातीचे दार पश्चिमेलाच असले पाहिजे हा हट्ट आपण सोडून द्यावा.

महोदय, नागपूर करार १९५३ मध्ये झाला आणि त्याला धरून दर डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन नागपुरात भरते. येत्या अधिवेशनात आपण विदर्भाच्या उद्योगावर निवेदन कराल, आकडे सांगाल, सामंजस्य करार किती कोटींचे झाले ते सांगाल. त्याबरोबर एक घोषणा करावी अशी माझी विनंती आहे: राज्याबाहेर विकलेल्या मालावरही विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या सीमावर्ती जिल्ह्यांतल्या कारखान्यांना तितकेच प्रोत्साहन मिळेल, ते कराशी न जोडता उत्पादनाशी आणि दिलेल्या नोकऱ्यांशी जोडले जाईल. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी समितीही लागत नाही. आपल्या खात्याचा एक शासन निर्णय पुरेसा आहे. तो अधिवेशन संपण्याच्या आत काढावा.



आपला,
नागपूरचा एक नागरिक